अनामिक पाहुण्याचे अधिकार

परीक्षेचा निकाल लागला की लक्षावधी विद्यार्थी व पालक एकाच वेळी निकालाचे संकेतस्थळ उघडतात. आगगाडीचे वेळापत्रक, पावसाचा अंदाज, सरकारी अधिसूचना, ग्रंथालयाची सूची ह्या गोष्टीही असंख्य लोक रोज संगणकावर किंवा मोबाइलवर पाहतात. पान उघडणारास बहुधा कोणी 'आपण कोण?' असे विचारीत नाही. यावे, वाचावे आणि निघून जावे, अशी ही व्यवस्था आहे. तिला अनामिक प्रवेश असे म्हणतात.

मुक्तद्वार वाचनालयाशी ह्या व्यवस्थेचे पुष्कळ साम्य आहे. तेथे मेजावरची वर्तमानपत्रे कोणीही वाचावीत; सभासदत्वाची अट नसते. पण म्हणून कोणी कपाटांच्या किल्ल्या मेजावर ठेवीत नाही, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखलपुस्तकात नोंदी करू देत नाही. वाचनालयात हा भेद पाळण्यास ग्रंथपाल बसलेला असतो. संकेतस्थळावर असा कोणी माणूस बसलेला नसतो. तेथे हे काम आधी ठरवून दिलेल्या नियमांनीच व्हावे लागते, आणि नियम ढिले राहिले तर वाचावयास आलेला माणूस पानावरचा मजकूर बदलून, इतरांची माहिती उचलून किंवा सबंध यंत्रच ताब्यात घेऊन जाऊ शकतो. हे नियम कशाच्या आधारे ठरवितात, हे पाहणे उद्बोधक आहे.

विनंती आणि उत्तर

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील 'सर्न' ह्या संशोधन संस्थेत मांडली. १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर तेथेच चालू झाला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने त्याचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना एकमेकांचे लेखन सहज वाचता यावे, हा मूळ हेतू होता. तेव्हा नाव न विचारता वाचू देणे ही वेबची जन्मापासूनची रीत आहे.

वेब सर्व्हर म्हणजे विनंतीची वाट पाहत राहणारा एक प्रोग्राम. वाचकाचा ब्राउझर त्याच्याकडे अमुक पान पाठवावे अशी विनंती करतो. सर्व्हर ते पान शोधतो व उत्तर धाडतो. उत्तराच्या आरंभी तीन अंकी संकेत असतो. २०० म्हणजे विनंती मान्य झाली. ४०४ म्हणजे अशी वस्तू येथे सापडली नाही. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवावी. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण ती मान्य करता येत नाही. शेवटच्या दोन उत्तरांतील भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ४०१ मिळालेल्या पाहुण्याला नाव व परवलीचा शब्द सांगून पुन्हा प्रयत्न करता येतो. ४०३ मिळालेल्याला ते दार बंदच आहे असे समजावे लागते.

विनंतीत नाव असलेच पाहिजे असा नियम नाही. ती ज्या यंत्राकडून आली त्याचा महाजालावरील क्रमांक मात्र सर्व्हरला कळतो आणि तो नोंदवहीत लिहिला जातो. त्या अर्थाने अनामिक पाहुणा संपूर्ण अदृश्य नसतो. पण क्रमांक म्हणजे व्यक्ती नव्हे. एखाद्या शाळेतील सारे संगणक बाहेरच्या जगाला एकाच क्रमांकाने दिसू शकतात. म्हणून क्रमांक पाहून एखाद्याला अधिकार द्यावेत किंवा नाकारावेत, ही पद्धत फार पुढे जात नाही.

संगणकात बेनाम कोणी नसतो

आता पाहुण्याची विनंती संगणकात शिरल्यावर काय होते ते पाहू. येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. बाहेर अनामिक असलेल्या पाहुण्याला आत आल्याबरोबर नाव घ्यावे लागते.

ह्याचे कारण कार्यप्रणालीच्या रचनेत आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. तिच्या नियमाप्रमाणे संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्राम कोणत्या ना कोणत्या खात्याच्या नावाने चालतो. प्रत्येक खात्यास एक क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचे खाते 'रूट' म्हणून ओळखले जाते व त्याला जवळजवळ सर्व अधिकार असतात. तसेच प्रत्येक फाइलीवर तीन वर्गांच्या परवानग्या लिहिलेल्या असतात: मालकाच्या, मालकाच्या गटाच्या आणि इतर सर्वांच्या. प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे व चालविणे ह्यांपैकी कोणती मुभा आहे ते स्वतंत्रपणे ठरते. प्रोग्रामने फाइल मागितली की कार्यप्रणाली विचारते, 'हा कोणाच्या वतीने आला आहे?' ह्या प्रश्नाला 'कोणाच्याच नाही' असे उत्तर असूच शकत नाही.

म्हणून अनामिक पाहुण्यांसाठी एक खाते राखून ठेवावे लागते. युनिक्सच्या काही संगणकांवर त्यासाठी 'नोबडी', म्हणजे 'कोणी नव्हे', ह्या नावाचे खाते वापरीत असत. पुढे वेब सर्व्हरसाठी वेगळे खाते ठेवण्याची पद्धत रूढ झाली. डेबियन ह्या लिनक्स-प्रकारात त्याचे नाव 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डेटा' असे आहे, तर रेड हॅट ह्या प्रकारात 'अपाची' असे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस ह्या सर्व्हरमध्ये 'आययूएसआर' ह्या अक्षरांपुढे त्या यंत्राचे नाव जोडून अनामिकाचे खाते तयार होई. सातव्या आवृत्तीपासून ते नुसते 'आययूएसआर' झाले आणि त्याला परवलीचा शब्द ठेवण्याची गरज उरली नाही.

ह्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जगातील सर्व अनामिक वाचकांना संगणकाच्या आत एकच नाव असते. शाळकरी मुलगी, संशोधक, चोर आणि दुसऱ्याच्या हुकमावरून फिरणारे यंत्र हे सारे त्या नावाने वावरतात. त्या नावाला जे देऊ ते सर्वांना दिले, असाच त्याचा अर्थ होतो. अनामिक प्रवेश सुरक्षित करणे म्हणजे त्या एका नावाचे अधिकार आखून देणे होय.

द्वारपाल आणि पाहुणा

पण पाहुण्याचे नाव हीच एक गोष्ट पाहून भागत नाही. त्याला आत घेणारा द्वारपाल, म्हणजे खुद्द सर्व्हर-प्रोग्राम, हाही कोणाच्या तरी नावाने चालत असतो.

येथे एक अडचण येते. वेबच्या विनंत्या बहुधा ८० व ४४३ ह्या क्रमांकांच्या दारांवर येतात. युनिक्सच्या जुन्या संकेतानुसार १०२४ च्या खालील क्रमांकांचे दार उघडण्याचा अधिकार रूट खात्यालाच असतो. मग सर्व्हर रूटच्या नावाने चालवावा काय? तसे केल्यास त्यातील लहानशी चूकही सबंध यंत्राला भोवेल. १९९५ पासून प्रसारात असलेल्या अपाची सर्व्हरने हा पेच सोडविण्याची सुबक रीत अवलंबिली आहे. मुख्य प्रोग्राम रूटच्या नावाने सुरू होतो, दार उघडतो, नोंदवही उघडतो आणि मग कमी अधिकाराचे साहाय्यक प्रोग्राम निर्माण करतो. पाहुण्यांशी बोलण्याचे काम हे साहाय्यकच करतात. मुख्य प्रोग्राम त्यांच्यावर देखरेख ठेवून मागे राहतो. एखादा साहाय्यक फसला, तरी त्याच्या हाती मुख्याच्या किल्ल्या नसतात.

तेव्हा प्रश्न दोन आहेत: पाहुणा काय करू शकतो, आणि द्वारपाल फितला तर तो काय करू शकतो? हे दोन्ही प्रश्न किती खरे आहेत, हे २००० व २००१ साली घडलेल्या दोन प्रसंगांनी दाखवून दिले.

दोन अनर्थ

पहिला प्रसंग पाहुण्याच्या अधिकारांचा. विनंतीतील पत्त्यात एकापुढे एक दोन टिंबे लिहिली की 'एक पायरी वरच्या फोल्डरात' असा अर्थ होतो. अशा पायऱ्या चढत पाहुण्याने संकेतस्थळाच्या फोल्डराबाहेर जाऊ नये म्हणून सर्व्हर पत्ता तपासतो. पण आयआयएसच्या चौथ्या व पाचव्या आवृत्तींत एक उणीव राहून गेली होती. पायऱ्यांमधील तिरकी रेघ एका आडवळणी संकेताने लिहिली तर तपासणीत ती ओळखू येत नसे, आणि तपासणी उरकल्यावर मात्र तिचा उलगडा रेघ म्हणूनच होई. अशा रीतीने कोणीही अनामिक पाहुणा संकेतस्थळाबाहेर पडून कार्यप्रणालीच्या फोल्डरात पोहोचू शकत असे व तेथील आज्ञा चालवू शकत असे. मायक्रोसॉफ्टने १७ ऑक्टोबर २००० रोजी ह्याची सूचना प्रसिद्ध केली.

हा पाहुणा अनामिकाच्या खात्यानेच वावरत असे. त्याला व्यवस्थापकाचे अधिकार नव्हते. असे असता हानी का व्हावी? ह्याचे कारण असे की, ते खाते 'एव्हरीवन', म्हणजे 'सर्वजण', ह्या गटात आपोआप मोडत असे. आणि कार्यप्रणालीच्या बहुतेक आज्ञा चालविण्याची मुभा मुळातच त्या गटास दिलेली होती. ज्याने 'सर्वांना परवानगी' असे ठरविले त्याच्या डोळ्यांपुढे कचेरीतील सर्व माणसे असतील. संगणकाने त्या शब्दाचा अर्थ सबंध जग असा घेतला. ज्यांनी संकेतस्थळाच्या फायली कार्यप्रणालीहून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवल्या होत्या त्यांचे मात्र पुष्कळ रक्षण झाले, कारण ह्या वाटेने एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाता येत नव्हते. दुरुस्ती उपलब्ध असूनही अनेकांनी ती केली नाही. १८ सप्टेंबर २००१ रोजी पसरलेल्या 'निमडा' नावाच्या संगणक-किड्याने जे अनेक मार्ग वापरले, त्यांत हाही एक होता.

दुसरा प्रसंग द्वारपालाचा. त्याच सर्व्हरला फायलींची सूची करण्यासाठी एक पुरवणी जोडलेली असे. तिच्यात मावेल त्याहून लांब मजकूर पाठविला असता तो ठरलेल्या जागेबाहेर सांडून आज्ञा म्हणून चालविला जाई. ही पुरवणी सर्वाधिकारी अशा 'सिस्टिम' खात्याच्या नावाने चालत होती. त्यामुळे पाहुण्याचे अधिकार कितीही आखडले असते तरी उपयोग नव्हता. दुरुस्ती १८ जून २००१ रोजी प्रसिद्ध झाली होती. १९ जुलै २००१ रोजी 'कोड रेड' ह्या किड्याने ह्याच वाटेने १४ तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणकांत प्रवेश केला. विंडोज २००० च्या सर्व्हर-आवृत्तीबरोबर आयआयएस आपोआप बसविला जात असे. त्यामुळे आपल्या यंत्रावर वेब सर्व्हर चालू आहे, हेच कित्येक मालकांना ठाऊक नव्हते.

ह्या अनुभवानंतर २००३ च्या विंडोज सर्व्हरमधील आयआयएसची सहावी आवृत्ती वेगळ्या धोरणाने सिद्ध झाली. ती बहुतेक ठिकाणी आपोआप बसविली जात नसे. बसविल्यावरही आरंभी केवळ साधी, न बदलणारी पानेच देत असे. पुरवण्या मुद्दाम चालू कराव्या लागत. विनंत्या हाताळणारा प्रोग्रामही सर्वाधिकारी खात्याऐवजी कमी अधिकाराच्या खात्याने चालू लागला.

जुने तत्त्व

ह्या धोरणामागील विचार नवा नव्हता. जेरोम सॉल्त्झर व मायकेल श्रोडर ह्यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक प्रबंध प्रसिद्ध केला होता. वेब तेव्हा स्वप्नातही नव्हती. त्यांनी रचनेची आठ तत्त्वे सांगितली. त्यांपैकी दोन येथे विशेष लागू पडतात. पहिले असे की, प्रत्येक प्रोग्रामाने व प्रत्येक वापरणाऱ्याने आपल्या कामापुरत्या कमीत कमी अधिकारांवर काम करावे. दुसरे असे की, मुळात नकार असावा आणि परवानगी ही मुद्दाम दिलेली गोष्ट असावी. दुसऱ्या तत्त्वाची खुबी अशी की, व्यवस्थापकाकडून विसर पडला तर योग्य माणसालाही नकार मिळतो आणि तो लगेच तक्रार करतो, त्यामुळे चूक उघडकीस येते. ह्याच्या उलट, मुळात परवानगी असेल तर विसरलेली वस्तू उघडी राहते, आणि तिचा लाभ घेणारा तक्रार करावयास येत नाही.

व्यवस्थापकाचे काम

ही दोन तत्त्वे प्रत्यक्षात कशी आणावयाची? प्रथम अनामिकाचे खाते स्वतंत्र असावे. ते इतर कोणत्याही कामास वापरू नये, त्या नावाने कोणाला यंत्रावर प्रवेश घेता येऊ नये, आणि ते कोणत्याही बलवान गटाचे सभासद नसावे. एकाच यंत्रावर दोन संस्थांची स्थळे असतील तर दोन खाती असावीत. नाहीतर एका स्थळातील चूक दुसऱ्याच्या फायली उघडते.

दुसरे, पानांची मालकी त्या खात्याकडे नसावी. पाने लिहिणारा मालक वेगळा, आणि अनामिकास केवळ वाचण्याची मुभा, अशी विभागणी असावी. येथे एक बारकावा चटकन लक्षात येत नाही. युनिक्समध्ये फाइल केवळ वाचनीय असली, पण ती ज्या फोल्डरात आहे तो त्या खात्यास लेखनीय असला, तर सामान्यतः ती फाइल काढून टाकून तिच्याच नावाने दुसरी ठेवता येते. पाटीवर लिहिता येत नसेल तर पाटीच बदलावी, असा हा प्रकार आहे. म्हणून फायलींबरोबर फोल्डरांच्या परवानग्याही पाहाव्या लागतात.

तिसरे, सर्व्हरच्या नियमावलीत प्रथम सबंध यंत्राला मज्जाव लिहावा आणि मग प्रसिद्ध करावयाचा फोल्डर तेवढा खुला करावा. परवलीचे शब्द असलेल्या फायली, जुन्या प्रती, विद्यार्थ्यांच्या किंवा रुग्णांच्या याद्या ह्या गोष्टी त्या फोल्डरात ठेवूच नयेत. पत्ता कोणाला माहीत नाही म्हणून वस्तू सुरक्षित आहे, ही समजूत फसवी असते. कित्येक व्यवस्थापक 'रोबोट्स' नावाच्या फाइलीत खाजगी फोल्डरांची नावे लिहून निश्चिंत होतात. ही फाइल शोधयंत्रांना केलेली विनंती आहे, ते कुलूप नव्हे. शिवाय ती कोणालाही वाचता येते. म्हणजे लपवावयाच्या जागांची यादी आपणच दारावर लावल्यासारखे होते. फोल्डरातील फायलींची यादी पाहुण्याला आपोआप दाखविण्याची सोयही बंद करावी.

चौथे, पाहुण्याकडून काही स्वीकारावयाचे असेल तर विशेष दक्षता घ्यावी. ह्याबाबतचा धडा वेबपेक्षा जुना आहे. फायली नेण्या-आणण्याच्या एफटीपी ह्या पद्धतीत 'अनॉनिमस', म्हणजे 'अनामिक', असे नाव सांगून कोणालाही प्रवेश मिळे. परवलीच्या शब्दाच्या जागी सौजन्य म्हणून स्वतःचा टपालपत्ता लिहिण्याची चाल होती. काही ठिकाणी अशा पाहुण्यांना फायली ठेवण्यासाठी एक फोल्डर मोकळा सोडलेला असे. तेथे अनोळखी लोक चोरीचे सॉफ्टवेअर आणून ठेवीत व दुसरे अनोळखी लोक ते उचलून नेत. संस्थेचा संगणक त्यांचे फुकटचे गोदाम होई. उपाय साधा होता: त्या फोल्डरात ठेवता यावे, पण ठेवलेले वाचता येऊ नये, व्यवस्थापकाने पाहून मगच ते बाहेर मांडावे. वेबवर आणखी एक नियम जोडावा लागतो. पाहुण्याने दिलेली फाइल प्रोग्राम म्हणून कधीही चालविली जाऊ नये. जेथे लिहिता येते तेथे चालविता येऊ नये, आणि जेथे चालविता येते तेथे लिहिता येऊ नये.

पाचवे, पानामागे माहितीचा साठा असेल तर त्याकडे जाणाऱ्या खात्यासही हेच माप लावावे. निकाल दाखविणाऱ्या पानाला गुण वाचण्याची गरज असते, बदलण्याची नसते. मग त्या खात्याला बदलण्याचा अधिकार देण्याचे कारणच काय? तो दिलेला नसेल, तर पानाच्या रचनेत एखादी चूक राहिली तरी गुण शाबूत राहतात.

शेवटी, हे सर्व केल्यावर व्यवस्थापकाने स्वतःच अनामिक व्हावे. आपल्या नावाने प्रवेश न घेता, बाहेरच्या यंत्रावरून स्थळ उघडावे. जे दिसू नये ते मागून पाहावे आणि नकार मिळतो की नाही ते तपासावे. अधिकार असलेल्या खात्याने केलेल्या तपासणीत सर्व काही सुरळीतच दिसते. ही परीक्षा प्रत्येक मोठ्या बदलानंतर पुन्हा घ्यावी लागते, आणि प्रसिद्ध होणाऱ्या दुरुस्त्या वेळेवर कराव्या लागतात. आपल्या देशात अशा सूचना २००४ पासून 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था प्रसिद्ध करीत असते.

नाव विचारण्याचा मोह

एवढे सायास करण्यापेक्षा प्रत्येकाला नाव व दूरध्वनी-क्रमांक विचारूनच आत का घेऊ नये, असा प्रश्न कोणी करील. काही कामांसाठी ओळख आवश्यकच असते: बँकेचे खाते, रुग्णाचा अहवाल, गुणांची नोंद ही त्याची उदाहरणे होत. परंतु सार्वजनिक माहितीसाठी नाव मागितले की दोन तोटे होतात. नावांचा एक नवा साठा निर्माण होतो व त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी वाढते. शिवाय वाचणारा बुजतो. क्षयरोगाची लक्षणे, कौटुंबिक छळाविरुद्धचा कायदा किंवा कर्जमाफीची अट वाचू पाहणारा मनुष्य आपले नाव नोंदविण्यास कचरेल, आणि न वाचताच परत जाईल. ज्याला माहितीची सर्वांत अधिक गरज आहे तोच पुष्कळदा नाव सांगण्यास सर्वांत अधिक भितो.

म्हणून अनामिक खात्याच्या परवानग्या आखण्याचे किचकट काम केवळ यंत्राच्या रक्षणासाठी केलेले नसते. ज्या व्यवस्थापकाला ते नीट येते त्याला दार उघडे ठेवण्याची भीती वाटत नाही. ज्याला येत नाही तो एक तर सारे उघडे टाकतो, नाहीतर सर्वांकडे ओळख मागत बसतो. खेड्यातील एखादी मुलगी रात्री मोबाइलवर आपल्या आईच्या दुखण्याविषयीचे पान उघडते. तिला कोणी काही विचारीत नाही, पान लगेच दिसते, आणि त्यातील औषधाचे प्रमाण कोणी परक्याने बदललेले नसते. ह्या तीनही गोष्टी एकाच वेळी साधल्या म्हणजे ते काम पुरे झाले.